दिवे सगळे हिरवे

“काय केलंस अम्मा तू, काय केलंस!” म्हणे... अरे, मी काय केलं? मी?! तुम्हीच बघा हो, दारात उभा, लॅपटॉप असा छातीशी कवटाळून, जसं काही पुरातून वासरू वाचवून आणलंय, आणि ओरडतोय कुणावर, तर जन्म दिलेल्या आईवर! म्हटलं, “गुरुराजा, आवाज खाली. आधी डब्याकडे बघ. दिवे सगळे हिरवे आहेत.” तर म्हणतो कसा, “दिव्यांचं सांगू नकोस मला! पुण्याची माणसं स्क्रीनवर थिजली, विभावरीबाई तोंड उघडं ठेवून थिजल्या, चकली हातात, चकली तोंडाच्या दारात, आणि नेट गेलं! गच्चीवर पळालो, तिथं मोबाईलचा सिग्नल धरला, परत लावीपर्यंत तिकडं सगळं संपलेलं! आणि तू इथं... तू इथं म्हैसूर सिल्क नेसून हसत बसलीयेस!”

हसत नव्हते हो मी! तुम्हाला सांगते, बाई जिंकून गप्प बसली की घरातल्या पुरुषाला ती हसतेय असंच दिसतं. आणि त्याच्या मागून सून, नमिता, फोन लांब धरून, झुरळ धरल्यासारखा: “अत्ते, माझ्या फोनवर अस्वल आलंय!” आणि तिच्या मागं माझी नात अमूल्या, मान खाली घालून. ती मान खाली का, ते मला तेव्हा नव्हतं कळलं. कळायला हवं होतं. डोळ्यांत मोतीबिंदू, त्याला काय करू?

थांबा, सुरुवातीपासून सांगते. नाहीतर तुम्हीही गुरुराजासारखे मधूनच धराल आणि म्हणाल, कमलाक्षीबाईचीच चूक.

आमचं घर रंगाऱ्यांचं. आता कुणी रंगवत नाही. मुलगा बँकेत, सून शाळेत, नात बेंगळूरला कंप्युटरच्या कंपनीत. पण मी आले तेव्हा मागच्या अंगणात रंगाच्या कुंड्या होत्या आणि सासरे मला जवळ येऊ देत नसत. बाईमाणसाची सावली पडली तर रंग फाटतो म्हणे! फाटतो कसला... स्वैपाकघराच्या खिडकीतून बघून बघून शिकले मी सगळं, आणि एकदा सासरे तापानं पडले तेव्हा लग्नाच्या सगळ्या साड्या मी एकटीनं रंगवून दिल्या, आणि सावली अंगणभर पाडली! शाळा चौथीपर्यंत, तीही कन्नड. मराठी वाचायला शिकले देवळातल्या पोथीवरून, आणि इंग्रजी कशावरून शिकले असेन, सांगा? रंगाच्या डब्यांवरून! ‘कीप अवे फ्रॉम चिल्ड्रन’, हे माझं पहिलं इंग्रजी वाक्य. तेव्हा काय माहीत, हेच वाक्य म्हातारपणी माझ्याच अंगावर येणार आहे म्हणून.

आणि हा कंप्युटर! गुरुराज म्हणाला, “ह्यात काही राम नाही अम्मा, भंगारवाल्याला देऊन टाकू.” मी म्हटलं, राम नसेल तर मी घालते. आठ-पंधरा दिवस त्याच्याशी भांडले, तीनदा बिघडवला, चारदा दुरुस्त केला (एकदा बिघडवला नसतानाच दुरुस्त केला, त्यानं तो बिघडला) आणि आज माझ्या खोलीत, मोठ्या अक्षरांत, झक्क चालतो. फोन माझा साधा, बटणांचा. त्या काचेच्या फोनवर बोट लावलं की भलत्यालाच जातो. मला बटण लागतं. दाबलं की ‘टक’ म्हणणारं. माणसं ‘हूं’ तरी म्हणत नाहीत आजकाल.

वाय-फायचा डबासुद्धा माझ्याच खोलीत. वायर माझ्या खिडकीतून येते म्हणून. देवांच्या शेजारी, कपाटावर. सगळ्या घराचं नेट माझ्या डोक्यावरून जातं, समजलं? आयुधपूजेला मी त्यालाही गंध-कुंकू लावते, शेवंतीचं फूल ठेवते. गुरुराज स्कूटरला लावतो, गाडीसमोर कुंकू भरलेला भोपळा फोडतो, ते चालतं, मी डब्याला लावलं की, “अम्मा, भोकांत कुंकू जातंय!” जाऊ दे की. सौभाग्यवती आहे, चालते तरी.

तर गोष्ट अशी. अमूल्येला पुण्याचं स्थळ आलं. आमच्याच जातीतलं, पण तीन पिढ्या पुण्यात, मुलगा श्रीवत्स, आई विभावरी. त्यांची मराठी म्हणजे इस्त्रीची! आणि आमची? आमची म्हैसूरची मराठी, निम्मी कन्नड, वाक्य मराठीत सुरू होतं आणि कन्नडात बसस्टँडवर उतरतं. अमूल्येची तर विचारूच नका. “अज्जी, मी येते की येतो?” असं विचारणारी पोर ती. महिनाभर दर शनिवार-रविवारी मी तिला बसवून शिकवलं. ‘सुम्ने’ म्हणू नकोस, ‘उगाच’ म्हण. ‘आयतु आयतु’ म्हणू नकोस, ‘हो हो’ म्हण. दोघी मिळून घोकलं. माझी विद्यार्थिनी हो ती! माझ्या बाजूची! ह्या घरात दोन पक्ष आहेत, एकीकडे गुरुराज-नमिता, एकीकडे मी-अमूल्या... असं मी समजून चालले होते.

आणि रीत अशी आमच्या घरची, की बघायला माणसं आली की पहिला प्रश्न घरातल्या थोरल्या बाईनं विचारायचा. तोवर कुणी बशीतल्या उप्पिटाला चमचा लावत नाही. माझ्या सासूनं हक्कानं विचारला, आता माझी पाळी. आणि मी काय पगार विचारते होय? पगार दलालाला विचारा. माझा प्रश्न एकच: “तुमच्या घरी भांडण झालं की नंतर पहिलं कोण बोलतं?”

हसताय कशाला? ह्या एका प्रश्नात सगळं घर उलटं होऊन पडतं! हुणसूरचा एक मुलगा आला होता, तो आईकडे बघू लागला, आणि आई म्हणाली, “आमच्यात भांडणंच होत नाहीत.” म्हटलं, मग घर आहे की पोस्ट ऑफिस? गेले, उप्पीट टाकून गेले. येलवालकडचे आले, तर मुलाचे वडील म्हणाले, “मी बोलतो पहिलं,” आई म्हणाली, “तुम्ही? कधी?” झालं! तिथंच, आमच्या सोफ्यावर, नवरा-बायकोची जुंपली, आणि जाताना तो मोटारसायकलवर आणि ती बसनं! गुरुराज म्हणतो, “अम्मा, तुझ्यामुळं स्थळं मोडतात.” माझ्यामुळं? मी फक्त दिवा लावते. मोडकं असतं ते आधीच.

तर ह्या वेळी सगळं कंप्युटरवर. नमिता म्हणाली, “अत्ते, हॉलमध्ये आम्ही तिघं बसतो, तुम्ही तुमच्या खोलीतून तुमच्या कंप्युटरवर या, मग तुमचा चेहरा वेगळा, मोठा दिसेल.” किती गोड! मी हुरळले. अमूल्येनं आत यायची लिंक मेलनं पाठवून ठेवली. दुपारी केस विंचरले, सिल्क नेसले, ह्यांच्या फोटोला सांगितलं, बघा हं आज. बसले. बटण दाबलं... टक.

नेट नाही.

डब्याकडे बघितलं. दिवे सगळे हिरवे!

आता रंगाऱ्याची रीत ऐका. कापडावर रंग चढला नाही तर कापडाला शिव्या घालायच्या नाहीत. आधी पाणी बघायचं. मग भांडं. मग तुरटी. कापड सगळ्यात शेवटी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि रंग चढला, तर का चढला ते मेल्यावरच कळतं. तसंच मी धरलं. आधी पाणी. म्हणजे बाहेरून येतंय का? नमितेला हाक मारली, “तुझ्या फोनवर येतंय?” “येतंय की अत्ते!” पाणी ठीक. मग भांडं. डबा बंद केला, श्वास रोखून धरला, चालू केला. हॉलमधून तिघांचा एकदम आरडाओरडा! “कुणी बंद केलं?” म्हणजे भांडंही ठीक. तिघांचं आलं परत, माझं नाही. दिवे सगळे हिरवे! मग तुरटी. ते नेट पकडायचं बोटभर यंत्र कंप्युटरच्या पुढच्या भोकातून काढून मागच्या भोकात घातलं. नाही. विंडोज म्हणतं, ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’. जोडलंय, पण येत नाही! हे काय बोलणं झालं? जावई झाला की हा, जोडलेला आहे पण येत नाही!

गुरुराजला बोलावलं. आला. आणि त्यानं काय केलं असेल? उभ्या उभ्या, हात मागं बांधून, बँकेत गिऱ्हाइकाला सांगतात तसं: “अम्मा, बंद करून चालू कर.” केलं! “परत कर.” परत केलं! “मग तू कुठंतरी काहीतरी दाबलं असशील.” तुम्हाला सांगते, ह्या घरात काहीही बिघडलं, नळ गळला, गॅस संपला, सरकार पडलं, तरी “अम्मा, तू काहीतरी दाबलं असशील!” आणि घड्याळाकडे बघत गेला.

मग कंपनीला फोन लावला. आधी दहा मिनिटं सनई. मग एक पोरगी, “नमस्कार मेडम्, मी शरण्या, नेट नाही का मेडम्, बेजार करून घेऊ नका मेडम्, डब्यावर दिवे कुठल्या रंगाचे आहेत?” म्हटलं, हिरवे. “सगळे?” सगळे. “मग सगळं बरोबर आहे मेडम्!” अगं, बरोबर आहे तर येत का नाही? “दिवे हिरवे आहेत ना मेडम्?” हिरवे आहेत गं बाई! “मग येणार मेडम्.” असं चाललं, मी आणि ती, हिरवं-हिरवं, जसं काही मेंदीच काढतोय. शेवटी तिनं काय विचारावं? “मनेल्ली दोड्डवरु यारादरू इद्दारा मेडम्?” घरात कुणी मोठं माणूस आहे का, त्यांना फोन द्या! मला! मी म्हटलं, “बाळ, माझ्याहून मोठं आता म्हैसुरात एक चामुंडी बेट्टाचा डोंगर तेवढा उरलाय, त्याला देऊ का फोन?” ठेवला. रागानं ठेवला. बटणाचा फोन असल्यानं राग नीट ठेवता येतो.

पाणी झालं, भांडं झालं, तुरटी झाली. मग मी म्हटलं, बाहेरच्यांना विचारून काय उपयोग, डब्यालाच विचारू. डब्याला आत जायचा एक नंबर असतो. आकडे आणि ठिपके. तो टाकला की डबा आपल्याशी बोलतो. मी मागं एकदा बिघडवताना शिकले होते. टाकला. टक.

आणि स्क्रीनभर अस्वल.

अस्वल! निळ्या टोपीचं, हातात फुगा, डोळा मिचकावतंय! आणि खाली मोठ्या गोल अक्षरांत, बोट ठेवून ठेवून वाचलं मी, इंग्रजीत: ‘हाय चॅम्प! इट्स ब्रेक टाइम. आस्क युवर पेरेंट.’

परत वाचलं. चष्मा पदरानं पुसून वाचलं.

पेरेंट? माझे पेरेंट? अय्यो देवा, माझी आई मी नऊवारीत धड चालायला शिकायच्या आत गेली, वडील माझ्या लग्नानंतरच्या दसऱ्याला गेले, आता ते दोघं वर बसून माझं नेट बंद करतायत होय? वडिलांना तर वीज आली घरात तेव्हासुद्धा बटणाला हात लावायचा धीर झाला नव्हता! आणि चॅम्प कोण? मी? गुडघ्यांत वंगण नाही, आणि चॅम्प! मग हळूहळू, तुम्हाला सांगते, जसा निळीचा डाग पाण्यात पसरतो ना, तसं माझ्या डोक्यात पसरत गेलं. हे लहान मुलांसाठी असतं. आई-बाप पोराचं नेट बंद करतात, अभ्यासाला बस म्हणून. ह्या घरात लहान मूल नाही. ह्या घरात कुणीतरी... मला... लहान मूल करून ठेवलंय.

पाणी नव्हे, भांडं नव्हे, तुरटी नव्हे. कापड. घरचं कापड!

बसले नुसती. समोर अस्वल, वर दिवे सगळे हिरवे. आणि हॉलमधून आवाज आला. सुरू केलं होतं त्यांनी! माझ्याशिवाय! पहिल्या प्रश्नाशिवाय! भिंतीला कान लावला मी. हो, लावला, माझी भिंत आहे. विभावरीबाईंची ती इस्त्रीची मराठी: “अहो, आजी कुठे दिसत नाहीत त्या?” आणि माझा मुलगा, माझ्या दुधावर वाढलेला गुरुराज, असा हसला, ऑफिसातलं हसू, आणि म्हणाला, “अम्मांचं नेट चालत नाहीये हो. आणि काय आहे, वय झालं, त्यांना ह्यातलं काही कळत नाही.”

कळत नाही!

नेट बंद केलंत, ते मी एकवेळ पोटात घातलं असतं. चेहरा नको तर नको. पण कळत नाही? जिनं डब्यांवरून इंग्रजी उचललं, जिनं तुझ्या भंगारात राम घातला, तिला कळत नाही?

उठले. स्टूल ओढलं, गुडघा म्हणाला नको, म्हटलं गप्प बस, तूही त्यांच्यातलाच. डबा खाली काढला, उलटा केला. पोटाखाली चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर आत शिरायचा पासवर्ड, कंपनीनं छापलेला. आमच्या घरात तो कुणी बदललेला नाही. एवढे शिकलेले लोक, पण उलटं करून बघायची सवय कुणाला आहे? मला आहे, आयुधपूजेला मी उलटं करूनच पुसते. अडचण एवढीच, की मागच्या पूजेचं कुंकू नेमकं मधल्या अक्षरावर! माझंच कुंकू! पदराचं टोक ओलं करून पुसलं, खाली आठ निघाला. अस्वलाच्या पायाशी पासवर्डाची चौकट होती, तिच्यात घातला. टक. उघडलं!

आणि तिथं सगळं घर मांडलेलं. गुरुराजचा लॅपटॉप, नमितेचा फोन, अमूल्येचा फोन, ‘मोठी माणसं’ ह्या खणात. आणि मी एकटी ‘मुलं’ ह्या खणात, अस्वलापाशी. आधी मला बाहेर काढलं. मग, एका वेळी एकच हं, रीत मोडली नाही मी, गुरुराजचा लॅपटॉप धरला आणि ठेवला मुलांत. हॉलमधून, “अरे? अरे!” मग नमितेचा फोन. “अय्यो, अस्वल!” मग अमूल्येचा. तिचा आवाज आला नाही. आणि मग जिन्यावर धाड धाड धाड, गुरुराज गच्चीकडे.

आणि मी लिंक दाबली.

समोर विभावरीबाई, चकली आता खाल्लेली. त्यांचे मिस्टर. आणि मध्ये श्रीवत्स, चष्म्यातला, सडपातळ. “नमस्कार,” म्हटलं, “मी अमूल्येची अज्जी. मला ह्यातलं काही कळत नाही, पण बसलेय.” विभावरीबाई हसल्या हो! चांगल्या हसल्या. मग मी मुलाकडे वळून विचारलं, “तुमच्या घरी भांडण झालं की नंतर पहिलं कोण बोलतं?”

आणि स्क्रीन अडकली.

म्हणजे मला वाटलं अडकली. मुलाचं तोंड उघडलेलं, शब्द नाही. थोडं थांबलं, हललं, परत थांबलं. आता दुपारभर मी काय करत होते? अडकलेलंच बघत होते ना! मी म्हटलं, “बाळ, तुमचं नेट अडकतंय, बंद करून चालू करा!”... आणि बघते तर मागच्या भिंतीवरचं घड्याळ चालतंय. विभावरीबाईंचा पदर पंख्यानं हलतोय. सगळं चालतंय. मुलगाच तेवढा...

जीभ चावली मी. हे घरात कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

पण तो पोरगा! तो हसला. डोळ्यांतून हसला. आणि म्हणाला, “ने-नेट नाही आजी. मी-मीच.” आणि मग एकेक शब्द, उतारावरून घागर घेऊन उतरतात ना बायका, तसा जपून, सांडू न देता, “आ-आमच्या घरी मी-मीच बोलतो पहिलं. वे-वेळ लागतो. पण म-मीच.”

तुम्हाला सांगते, इतकी वर्षं मी हा प्रश्न विचारतेय, इतक्या पटापट बोलणाऱ्यांना. एकालाही उत्तर नव्हतं. आणि आई शेजारी बसलेली, एकदाही तिनं त्याचं वाक्य ओढून पुरं केलं नाही. नुसती थांबली. मीसुद्धा थांबले. मी! माझ्या आयुष्यात दुसऱ्याचं वाक्य पुरं होईपर्यंत मी पहिल्यांदाच थांबले असेन.

आणि मग त्यानं विचारलं, “आणि तु-तुमच्या घरी, आजी?”

हं.

आमच्या घरी? आता काय सांगू! सासरे गेले ते माझ्याशी न बोलता गेले, कारण मीही बोलले नाही. हे असतानाची भांडणं आठवडा आठवडा चालली, आणि शेवटी आमटीत मीठ नाही म्हणून त्यांनाच तोंड उघडावं लागायचं. मुद्दाम घालत नसे मी मीठ. बाई, प्रश्न विचारणारीला कुणी उलटा प्रश्न विचारतं का? मी म्हटलं, “हॅलो? हॅलो? आवाज येत नाही... तुमचा आवाज तुटतोय...” आणि वर दिवे सगळे हिरवे. बंद केलं.

एवढ्यात हा दारात, लॅपटॉप छातीशी! काय केलंस अम्मा, काय केलंस!

आता आलात ना तुम्ही बरोबर जागेवर? ऐका पुढं. मी उठले. म्हटलं, “मी काय केलं ते मागनं. आधी सांगा, मला बारकं पोर कुणी केलं? अस्वलापाशी मला कुणी बसवलं?” गुरुराज म्हणाला, “देवाशप्पथ अम्मा, मला तो डबा आत उघडता येतो हेच आज कळलं!” खरं आहे, तो फक्त चालू-बंद सांगतो. “आणि ‘कळत नाही’ कोण म्हणालं?” तेव्हा खाली बघितलं त्यानं. नमिता म्हणाली, “अत्ते, मला तर वाय-फायचा पासवर्डपण तुम्हीच सांगता.” तेही खरं. मग? मग उरलं कोण?

“मी केले, अज्जी.”

अमूल्या.

मी महिनाभर शिकवलेल्या मराठीत. ‘मी केले’. व्याकरण बरोबर होतं. तेच जास्त लागलं.

“नुसतं एक तास, अज्जी. कॉल झाला की काढणार होते. त्याला बोलताना अडकायला होतं. मला माहीत आहे, आम्ही दोघं फोनवर कधीपासून बोलतो. लोक हसतात. हसत नाहीत ते त्याचं वाक्य स्वतःच पुरं करतात, ते त्याला अजून जास्त... आणि तू, अज्जी, तू कुणाला वाक्य पुरं करू देतेस? तू म्हणशील, लवकर बोल, पुढं सांग... आणि तो परत येणार नाही. मला भीती वाटली.”

भीती! बापाची नाही, आईची नाही, पुण्याच्या माणसांची नाही... माझी? सगळ्या घरात माझ्या बाजूचं एकच माणूस, आणि तिनंच मला हातानं उचलून अस्वलाशेजारी नेऊन बसवावं? म्हणजे इतकी वर्षं ती माझ्या मांडीवर डोकं ठेवत होती ते काय, वाघ झोपलाय तोवर? मी बोलले हो. खूप बोलले. तुला अक्षरं कुणी दाखवली म्हटलं, तुझ्या तापात कोण जागलं म्हटलं, कंपनीत तुला हेच शिकवतात का, म्हाताऱ्यांना खणात घालायला? ती म्हणाली, “बघ! बघ, आत्तापण तू मला बोलायलाच देत नाहीयेस!” मग गुरुराज मध्ये पडला, मग नमिता गुरुराजच्या मध्ये पडली, मग मराठी संपली आणि सगळे कन्नडावर उतरले, आणि शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला, त्यांना इकडचं ऐकू यावं म्हणून.

आणि मग सगळे गप्प.

अमूल्या माझ्या पलंगाच्या कडेला बसली, पाठ माझ्याकडे. नमिता दाराला टेकली. गुरुराज त्या लॅपटॉपवरच्या अस्वलाकडे बघतोय, अस्वल त्याला डोळा मिचकावतंय. पंखा फिरतोय. दिवे सगळे हिरवे.

मी पण गप्प. मी का बोलू? मी कधी बोललेच नाही पहिलं. देवांकडे बघितलं, ह्यांच्या फोटोकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. आणि त्या पोराचा प्रश्न आपला खोलीत लटकलेला, विझत नाही की पेटत नाही... आणि तुमच्या घरी, आजी? तुमच्या घरी? त्याला बिचाऱ्याला एक शब्द काढायला इतका वेळ लागतो, तरी तो काढतो. माझी जीभ तर कात्रीसारखी चालते, आणि एवढंच एक वाक्य हो, एवढंच... आणि अमूल्येची पाठ हलायला लागली. रडत होती, आवाज न करता. लहानपणी रडायची तशीच.

जाऊ दे म्हटलं. आजवर राखलं ते आज जाऊ दे. घसा साफ केला, पदर सारखा केला, खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसले आणि म्हटलं,

“पेरेंटला विचारा असं लिहिलंय ना त्या अस्वलानं? मग विचारा की... बसलेय मी इथंच.”